कर नाही, तरी डर आहे

अलीकडे आमच्या मोहल्ल्यांत एक नवा समारंभ रूढ झाला आहे. पूर्वी वाचनालयाचे उद्घाटन व्हायचे, मुलांना वह्या वाटल्या जायच्या, नाही तर निदान बोअरवेलला नारळ फुटायचा. आता कॅमेऱ्यांचे लोकार्पण होते. चौकात मंडप, प्रमुख पाहुणे पोलीस निरीक्षक, नगरसेवकाचा निधी किंवा जमातीने गोळा केलेली वर्गणी, मशिदीचे दोन-तीन ट्रस्टी, शाल, पुष्पगुच्छ. निरीक्षक साहेब मोहल्ला जागरूक झाला म्हणून शाबासकी देतात. मग आमच्यातलाच कोणी शिकलासवरलेला माईक घेतो आणि ती म्हण ऐकवतो : कर नाही त्याला डर कशाला? टाळ्या पडतात. आमचा वाद या टाळ्यांशी आहे.

म्हण जुन्या गावातली आहे. त्या गावात पाटील कोण, चावडीवर कोण बसतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. भलताच माणूस धरला गेला तर चार शेजारी पुढे येऊन सांगायचे, हा त्या रात्री आमच्या ओट्यावर होता. अर्थात त्याही गावात ही म्हण सर्वांसाठी नव्हती. पारध्याला ती लागू नव्हती, कैकाड्याला नव्हती. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवून टाकले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसे राहत होती आणि रोज हजेरी देत होती. त्यांनी काय केले, हा प्रश्नच नव्हता. ती कोण आहेत, एवढाच होता. आमच्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे, पण त्या यादीत मुसलमानही होते. छप्परबंद ही जमात आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'मुस्लिमांसह' अशी नोंदलेली आहे. हजेरीचे ते रजिस्टर १९५२मध्ये कायद्याने बंद झाले. आता हजेरी द्यायला कोणाला जावे लागत नाही. आपण रस्त्याने चालतो आणि हजेरी आपोआप लागते.

'कर नाही' म्हणजे काय ते मालेगावला विचारावे. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. बड्या कब्रस्तानाजवळ बॉम्ब फुटले. मेले ते मुसलमान आणि पकडले गेले तेही मुसलमान, नऊ जण. पुढे तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला, आरोपींची दुसरीच नावे पुढे आली, २०११मध्ये या नऊ जणांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक मरूनही गेला होता. कर नव्हता आणि डर दहा वर्षे होता. त्याच वर्षीच्या ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये झालेल्या स्फोटांच्या खटल्यात ज्या बारा जणांना शिक्षा झाली होती, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ला निर्दोष ठरवले. मधे एकोणीस वर्षे गेली. त्यांतला एक जण कोठडीतच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत त्या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत टाकले नाही. त्या स्फोटांत मेलेल्या सुमारे १८९ माणसांच्या घरच्यांनाही अजून खरा गुन्हेगार कोण ते कळलेले नाही. हेही आम्ही विसरू नये.

हे सगळे कॅमेरे यायच्या आधीचे. मग कॅमेरे आले म्हणजे तरी सत्य सापडेल, असे आमच्यातले अनेक भाबडेपणाने मानतात. त्यांचे ऐकून घेऊ.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ला हल्ला झाला. राम प्रधान समितीने शहरभर कॅमेऱ्यांची शिफारस केली. निविदांचे घोळ होत होत २०१६च्या अखेरीस सुमारे ४,७०० कॅमेरे उभे राहिले आणि साडेनऊशे कोटींच्या आसपास खर्च आला. पुण्यात २०१० साली जर्मन बेकरीत आणि २०१२च्या ऑगस्टमध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, त्यानंतर तिथेही बाराशेहून अधिक लागले. पुढे 'स्मार्ट सिटी' आली आणि कॅमेरा हे विकासाचे चिन्ह झाले. ज्या वस्तीत गटार उघडे आहे त्या वस्तीतही खांबावर कॅमेरा आहे. सच्चर समितीने २००६मध्ये नोंदवून ठेवले होते की मुस्लिम वस्त्यांतून शाळा, दवाखाना, बँक यांपेक्षा पोलीस चौकीच अधिक आढळते, अशी तक्रार लोकांनी समितीपुढे केली. आज समिती फिरली तर त्या यादीत खांबही घालावा लागेल.

चोर सापडतो, अपघातात गाडीचा नंबर मिळतो, मुलगी रात्री घरी येते तेव्हा आईबापांना जरा धीर येतो. हे खोटे नाही. दुकानदाराने आपल्या गल्ल्यावर कॅमेरा लावला तर आमची काही हरकत नाही. ३१ जुलै २०२३ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने चौघांना गोळ्या घातल्या, त्यांत तीन मुसलमान प्रवासी होते. तो काय बोलत होता हे देशाला कळले ते प्रवाशांच्या मोबाइलमुळे. तो कॅमेरा लोकांच्या हातात होता. आमचा प्रश्न कॅमेरा असावा की नसावा हा नाही. तो कोणाच्या हातात आहे, कोणाकडे तोंड करून लावला आहे आणि त्याने पाहिलेले कोण, किती दिवस, कोणत्या कायद्याने जपून ठेवतो, हा आहे.

आणि आता कॅमेरा नुसता पाहत नाही, ओळखतो. त्याच्यामागे संगणक आहे. तो चेहऱ्याची मापे घेतो आणि साठवलेल्या लाखो चेहऱ्यांशी ताडून पाहतो. तो कधी 'हाच तो' असे म्हणत नाही. तो म्हणतो, हा चेहरा त्या चेहऱ्याशी इतके टक्के जुळतो. किती टक्क्यांना 'हाच तो' म्हणायचे, हे माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात २०२२मध्ये सांगितले की ८० टक्के जुळले की आम्ही ओळख पटली असे धरतो. हेच दिल्ली पोलीस २०१८मध्ये उच्च न्यायालयात सांगत होते की या यंत्राची अचूकता दोन टक्के आहे. पुढच्या वर्षी तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने त्याच न्यायालयाला सांगितले की ते एक टक्काही नाही आणि मुलगा-मुलगी हा फरकही यंत्राला कळत नाही. तेव्हा काम होते हरवलेली मुले शोधण्याचे. मुले सापडेनात. फेब्रुवारी २०२०मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल झाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की चेहरे ओळखणाऱ्या प्रणालीने अकराशेहून अधिक माणसे ओळखली, त्यासाठी मतदार ओळखपत्रांची आणि वाहन परवान्यांची छायाचित्रे वापरली. मतदार म्हणून नाव नोंदवताना दिलेला फोटो संशयिताच्या फोटोशेजारी ठेवला जाईल, असे कोणी आम्हाला सांगितले होते? हरवलेले पोर ज्या यंत्राला सापडत नव्हते, त्याला दंगलखोर बरे सापडले!

कॅमेरे कुठे लागतात हाही प्रश्न आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०२१मध्ये दिल्लीचा नकाशा तपासून दाखवले की पोलीस ठाणी आणि कॅमेरे यांची दाटी सर्वत्र सारखी नाही आणि जिथे पोलीस आधीच जास्त आहेत अशा भागांत मुस्लिम वस्ती मोठी आहे. म्हणजे यंत्र अगदी निःपक्षपाती असले तरी त्याचा भार आमच्याच डोक्यावर जास्त येणार. ज्या गल्लीत चाळणी जास्त वेळा फिरते, तिथले खडे जास्त सापडतात, आणि मग सांगितले जाते की पाहा, या गल्लीत खडे किती! यंत्रामागे बसलेल्या माणसाचे मनही पाहायला हवे. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०१९च्या अहवालासाठी देशातल्या सुमारे बारा हजार पोलिसांशी बोलून पाहिले. मुसलमान मुळातच गुन्ह्याकडे झुकलेले असतात, असे कमी-अधिक प्रमाणात मानणारे त्यांत निम्मे निघाले. या निम्म्यांच्या हाती ८० टक्क्यांची पट्टी आहे.

मेदकच्या मजुराचे प्रकरण आमच्या वर्तमानपत्रांत कोपऱ्यात येऊन गेले. तेलंगणातल्या या गावात सोनसाखळीची चोरी झाली. कॅमेऱ्यातला माणूस त्याच्यासारखा दिसतो म्हणून जानेवारी २०२३मध्ये पोलिसांनी त्याला हैदराबादेतून उचलले. इथे संगणकही नव्हता, नुसता डोळ्यांचा अंदाज होता. मग चोर तो नव्हेच असे निघाले आणि सोडून दिले. कोठडीत आपल्याला कसे मारले ते त्याने दवाखान्यातून व्हिडिओत सांगितले आणि फेब्रुवारीत तो मेला. पोलीस निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हातावर पोट असलेला माणूस, वय पस्तिशीच्या आसपास. कर नव्हता.

हैदराबाद आमच्या मराठवाड्याला परके नाही, नात्यागोत्याचे शहर आहे. तिथे जुन्या शहरात रात्री गल्ली वेढून घराघरांत झडती घेण्याची पद्धत पडली. रस्त्यावरच्या पोरांची बोटे टेकवून घेणे, फोटो काढणे, गांजाच्या नावाखाली मोबाइलमधले संदेश चाळणे, सगळे झाले. मे २०२१मध्ये एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवले, तोंडावरचा मास्क काढ म्हणाले. ते नाही म्हणाले. पोलिसांनी तसाच फोटो काढला. मसूद घरी जाऊन नशिबाला दोष देत बसले नाहीत. कोणत्या कायद्याने फोटो काढला, असे त्यांनी पोलीस आयुक्तांना लेखी विचारले आणि उत्तर येईना तेव्हा उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. देशात या यंत्राला आव्हान देणारी ही पहिल्या खटल्यांतली एक याचिका आहे आणि ती आमच्यातल्या एका माणसाने केली आहे. आमच्या किती जलशांत, किती जमातींच्या बैठकांत त्यांचे नाव घेतले गेले?

कोणत्या कायद्याने, हा प्रश्न साधा वाटतो पण त्यातच सगळे आले. खरक सिंग नावाच्या उत्तर प्रदेशातल्या एका माणसावर दरोड्याचा आरोप होता, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याचा इतिहास-कागद उघडला आणि रात्री-अपरात्री येऊन दार वाजवू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये ती रात्रीची थाप घटनाबाह्य ठरवली, पण खाजगीपणाचा म्हणून स्वतंत्र हक्क मान्य केला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचे तर आधी कायदा हवा, मग रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानाने ढवळाढवळ बेताची हवी. चेहरे ओळखणाऱ्या यंत्रासाठी संसदेने असा कोणताही खास कायदा आजवर केलेला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. त्यात दुकानदाराने काय करावे, कंपनीने काय करावे हे आहे. गुन्ह्याच्या तपासाला मात्र मोठी सूट आहे आणि केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्याच्या बाहेर काढू शकते. २०२२च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्याचे बोटांचे, तळव्यांचे, डोळ्यांच्या बुबुळांचे ठसे घेता येतात आणि ते ७५ वर्षे राहतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, सगळी अपिले संपली, की नोंद पुसावी अशी तरतूद आहे. ती वाचताना आम्हाला मालेगावची दहा आणि मुंबईची एकोणीस वर्षे आठवतात.

यावर काही होऊ शकते का? होऊ शकते, याचा एक दाखला आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरातले स्पार्कब्रूक आणि वॉशवूड हीथ हे भाग मुस्लिम वस्तीचे. २०१०मध्ये तिथे दोनशेहून अधिक कॅमेरे उभे राहिले, त्यांत ७२ लपवलेले होते. गाड्यांचे नंबर वाचणारेही होते. वस्तीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर. लोकांना सांगितले की हे चोऱ्या आणि गुंडगिरीसाठी. मग बातमी फुटली की पैसा दहशतवादविरोधी निधीतून आला आहे, तीस लाख पौंड. लोक चिडले. सभा झाल्या, नगरसेवकांना जाब विचारला गेला, आणि कॅमेऱ्यांच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्या लागल्या. दुसऱ्या भागाच्या पोलीसप्रमुख सारा थॉर्नटन यांच्याकडे चौकशी दिली गेली, त्यांनी आपल्याच खात्याला खडे बोल सुनावले, आणि २०११मध्ये कॅमेरे खांबांसकट उपटले गेले. या लढ्यात गोरे शेजारीही होते. केवळ मुसलमानांचा प्रश्न म्हणून तो लढला गेला नाही. आमच्याकडे मात्र आम्ही वर्गणी काढून कॅमेरा लावतो आणि त्याची वायर चौकीत नेऊन देतो. निष्ठा सिद्ध करण्याची ही हौस कधी संपणार? शाल-पुष्पगुच्छाने कोणाचा संशय फिटल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही.

इथवर वाचून माना डोलावणाऱ्यांना आता थोडे कडू सांगायचे आहे.

सूरए हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत फिरणे, मना केले आहे, हे आमचे मौलवी पोलिसांच्या संदर्भात आता सांगू लागले आहेत. चांगले आहे. हजरत उमर यांची एक रिवायतही सांगितली जाते. खलिफा रात्री गस्त घालत असता एका घरातून आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत गेले आणि माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, माझा एक गुन्हा झाला, पण आपले तीन झाले : हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, परवानगी मागितली नाहीत. खलिफांनी त्याला सोडून दिले. ही रिवायत आपल्या दाराच्या आत कोण सांगणार? मोहल्ल्यात वीज यायच्या आधीपासून कॅमेरे आहेत. ते ओट्यावर बसतात, पानटपरीवर उभे असतात. कोणाची मुलगी कोणत्या बसने आली, कोणाची तलाक झालेली बहीण कोणाशी बोलली, याचे चित्रीकरण तेव्हाही होत होते, आता फक्त मोबाइलमध्ये होते. बुरखा घातलेली मुलगी दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर दिसली म्हणून तिला भररस्त्यात अडवायचे, नाव-गाव विचारायचे आणि ती क्लिप ग्रुपवर फिरवायची, हे आमच्याच पोरांनी आपल्याही शहरांत केले आहे. आणि समाजाच्या इज्जतीचे ठेकेदार त्यांच्या पाठीवर हात ठेवतात. १३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमली, तेव्हा आम्ही निषेध केला आणि तो योग्यच होता. पण ही समिती आणि आमची ही पोरे, दोघांनाही तीच यादी हवी आहे.

इराणात पोलिसांनी एप्रिल २०२३मध्ये जाहीर केले की डोके न झाकलेल्या बायका कॅमेऱ्यांनी शोधून काढू. आमच्याकडे त्यावर एक अवाक्षर नाही. चीनमधल्या शिनजियांगात उइगूर मुसलमानांच्या मोबाइलपासून विजेच्या वापरापर्यंत सगळे संगणकात घालून कोण संशयित हे यंत्र ठरवते. जुलै २०१९मध्ये चीनच्या तिथल्या धोरणाची भलामण करणारे पत्र ३७ देशांनी संयुक्त राष्ट्रांत दिले, त्यावर सौदी अरेबियाची सही होती, पाकिस्तानची होती. उम्मतच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ती सह्यांची यादी एकदा वाचावी. पाळतीला धर्म नाही. ज्याच्या हाती सत्ता तो वापरतो.

आणि जिथे कॅमेरा हवा तिथे तो नसतो. २ डिसेंबर २००२ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. परभणीचा इंजिनियर ख्वाजा युनूस पकडला गेला. जानेवारी २००३मध्ये पोलिसांनी सांगितले, तपासासाठी नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीने तपास केला आणि कोठडीतल्या मृत्यूबद्दल चार पोलिसांवर आरोपपत्र ठेवले. मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्या चौघांत सचिन वाझे होते. तेच वाझे २०२१मध्ये अँटिलिया प्रकरणात अटक झाले, तेव्हा राष्ट्रीय तपास यंत्रणेचा आरोप असा होता की राहत्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर आधीच उचलून नेला गेला. पुढे मिठी नदीत पाणबुडे उतरवून डीव्हीआर वर काढावे लागले. खटला व्हायचा आहे, दोष सिद्ध झालेला नाही. आम्ही एवढेच म्हणतो की मोहल्ल्याचा डीव्हीआर ज्या ठाण्यात आहे, त्या ठाण्याचा डीव्हीआर कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

तो हक्क न्यायालयाने दिलेलाही आहे. २ डिसेंबर २०२०ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात, कोठडीसकट, आवाज आणि रात्रीचे दृश्य टिपणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर जपले पाहिजे. पाच वर्षे होत आली तरी ते झाले नाही, म्हणून सप्टेंबर २०२५मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणून पुढच्या लोकार्पण समारंभाला जाणाऱ्या ट्रस्टींना, नगरसेवकांना आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना आमची सूचना आहे. मोहल्ल्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवस राहते, ते कोण पाहते, पाहिल्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते आणि चेहरे ओळखणारे यंत्र त्याला जोडले आहे का, हे आधी लेखी मागावे. लेखी मिळेपर्यंत वायर चौकीत नेऊ नये. मशिदीच्या वुजूखान्याकडे आणि बायकांच्या दाराकडे वळवलेले कॅमेरे त्याच दिवशी फिरवावेत, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि आपल्या ठाण्यात किती कॅमेरे चालू आहेत, किती बंद आहेत, गेल्या वर्षाचे चित्रण आहे की नाही, हे माहिती अधिकारात विचारावे. अर्ज मराठीत चालतो, ठरलेले शुल्क भरावे लागते, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.